गौरजाचा ऑप्शन फॉर्म

१९ जुलै
आमच्या लेकीला, गौरजाला, सीईटीत ब्याण्णव पर्सेंटाइल. तिला सौर आणि पवन ऊर्जेत करिअर करायचंय. इंजिनियरिंगची कुठली डिग्री घ्यायची, हे ठरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मसुऱ्याच्या हायस्कुलात बावीस वर्षं क्लार्क आहे, पोरांचे फॉर्म भरण्यात हयात गेली. मला सूचना वाचाव्या लागत नाहीत.

२१ जुलै
मेव्हणा विनीत आला. वीज कंपनीत ज्युनियर इंजिनियर. म्हणे, "भावजी, तिका इलेक्ट्रिकलच घेवक देवा. सोलार, पवनचक्की सगळा त्यातच येता. नुसत्या नावाच्या ब्रँचीक भरतीत कोण विचारीत नाय." गौरजाही त्याच्याच बाजूची. विनीतला विजेच्या खांबापलीकडचं दिसत नाही.
मला घाटावरचं एक नवं कॉलेज सापडलंय. ब्रँचचं नावच 'रिन्यूएबल एनर्जी'. माहितीपत्रकावर पवनचक्कीखाली पिवळी हेल्मेटं घातलेल्या हसऱ्या मुली. आणखी काय पाहिजे?

२४ जुलै
गौरजाने फॉर्म भरला. पहिली पसंती सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल. माझी ब्रँच चौथी! वाद घातला नाही. मी शांत स्वभावाचा आहे.

२५ जुलै, सकाळ
देवळात कौल लावला. महादू गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, "पोरीक रिन्यूएबलात घालूचा काय?" पाकळी डावीकडची पडली. म्हणजे नको. पण महादूने कॉलेजचं नाव घेतलं नव्हतं, प्रश्नच अपुरा. पुन्हा लावला. पुन्हा डावी. महादू म्हणाला, "गुरुप्रसाद, देवान दोनदा सांगल्यान. आता पुरे." मी म्हटलं, अजून एकदाच. तिसऱ्यांदा उजवी पडली.
पंखा चालू होता म्हणून पडली, असं महादूचं म्हणणं. म्हणजे वाऱ्याने पडली. पवन ऊर्जेसाठी याहून स्पष्ट कौल तो कोणता?

२७ जुलै
गौरजा सावंतवाडीला मावशीकडे. चौथी पसंती उचलून पहिली केली. ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतो. कन्फर्म. तिला सरप्राइज.

३१ जुलै
पहिल्याच राऊंडला पहिली पसंती मिळाली! पेढे आणले. गौरजाने मोबाईल बघितला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आनंदाने असेल.

३१ जुलै, संध्याकाळ
विनीतचा फोन. पहिल्या राऊंडला पहिली पसंती मिळाली की ऑटो-फ्रीझ. तीच जागा घ्यायची. नाकारली तर पुढच्या सगळ्या राऊंडमधून बाद. आणि सरकारी इलेक्ट्रिकलची यादी अठ्ठ्याऐंशीला थांबली. तिला मिळाली असती.
मी बायकोला, शर्मिष्ठाला, समजावलं, फ्रीझ म्हणजे जागा पक्की. ती म्हणाली, "तुमी आता गप ऱ्हवा." चार वर्षांनी पटेल तिला.

४ ऑगस्ट
ॲडमिशन घेतली. पोरीचं वर्ष फुकट घालवायचं नाही, असं गौरजाच्या आईने ठरवलं. पहिलीच बॅच, मुलं नऊ. लॅब पुढच्या वर्षी. सध्या गच्चीवर सोलार बंब आहे, हॉस्टेलच्या आंघोळीचा. सरांनी मार्क बघून गौरजाला विचारलं, इलेक्ट्रिकल मिळत नव्हतं का? तिने माझ्याकडे बघितलं. मी कँटीनची चौकशी केली.

७ ऑगस्ट
जेवताना गौरजा पहिल्यांदा बोलली. "बाबा, माका एकदा विचारूक काय झाला हुता?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला ओरडता आलं असतं. नीट जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१२ ऑगस्ट
कणकवली स्टँड. गौरजा निघाली. तिला एकटीलाच जायचं होतं. रात्रभर मनात वाक्य जुळवलं होतं. तिने बॅग स्वतःच चढवली, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "वेळेवर जेवा, बाबा." मी विचारलं, स्वेटर घेतलास? घेतलाय म्हणाली. गाडी सुटली.
गौरजा, चूक माझी होती. तुझी चार वर्षं मी माझ्या हट्टापायी घालवली. एवढंच सांगायचं होतं. स्टँडवर तोंडातून निघालं नाही. इथे लिहून काय उपयोग, ही वही कोणी वाचत नाही.