परीक्षितपेक्षा दोन इंच जास्त

६ ऑक्टोबर, रविवार
समोरच्या परीक्षितने सस्पेन्शनचं किट टाकून जीप दोन इंच उंच करून घेतली. अख्खी कॉलनी बघायला. माझी बायको मधुरासुद्धा म्हणाली, रुबाबदार दिसते. मला यात काडीचाही इंटरेस्ट नाही. जीप माझ्याकडे त्याच्या दोन वर्षं आधीपासून आहे, एवढंच नोंदवून ठेवतो.

७ ऑक्टोबर, सकाळी ५.४०
मधुराची शिवणाची टेप घेऊन त्याची जीप मोजली. चाकावरच्या कमानीपर्यंत साडेचौतीस इंच. वॉचमनने विचारलं, साहब, क्या कर रहे हो? म्हटलं, जॉगिंग.

९ ऑक्टोबर
ठरलं. तीन इंच. कारण शुद्ध टेक्निकल. केरवा धरणाकडचा रस्ता खराब आहे आणि पुढच्या महिन्यात मराठी मंडळाचं आवळीभोजन तिकडेच, आवळ्याच्या झाडाखाली. दरवर्षी आई माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. ती जागा तिची. तिच्यासाठीच करतोय हे सगळं.

१२ ऑक्टोबर, दसरा
कोलार रोडच्या मिस्त्रीकडे गेलो. म्हणे, दो इंच बहुत है साहब, उससे ऊपर गाड़ी मोड़ पे डोलेगी. त्याला सांगितलं, माझा अभ्यास झालाय. चार व्हिडिओ बघितलेत.
घरी आलो तर कळलं, परीक्षितही आता तीनचा विचार करतोय. लगेच फोन करून मिस्त्रीला चार सांगितले.

२० ऑक्टोबर
गाडी आली. काय दिसते! परीक्षित खाली येऊन अभिनंदन करून गेला. आतून जळत असणार बिचारा.
शाहपुऱ्याच्या वळणावर जरा डोलली. मधुरा किंचाळली. तिला उगाच घाबरायची सवयच आहे.

२७ ऑक्टोबर
आईला चढवायचा सराव. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे, त्यात साडी. खाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. एक पाय आत, एक खुर्चीवर, आणि तिथेच अडकली. उतरवायला दोघं लागलो. म्हटलं, आई, होईल सवय. ती संध्याकाळभर गुडघा शेकत बसली.
मधुरा म्हणते, किट काढ. परीक्षितच्या डोळ्यांदेखत? मेलो तरी नाही.

८ नोव्हेंबर
परीक्षितने किट काढून टाकलं! गाडी पुन्हा होती तेवढी. जिंकलो. पेढे आणले. कारण विचारलं नाही. हरलेल्या माणसाला काय विचारायचं?

१० नोव्हेंबर, रविवार, आवळीभोजन
कारण कळलं. मंडळातल्या म्हाताऱ्या बायकांना केरव्याला न्यायचं काम त्याने अंगावर घेतलंय. त्यांना चढता यावं म्हणून काढलं.
सकाळी आई नवी साडी नेसून माझ्या जीपपाशी आली. वर बघितलं. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुझीच छान आहे रे. पण मला जेवायला जायचंय."
आणि समोर गेली. त्याच्या पुढच्या सीटवर बसली. मधुरा मागे, बाकीच्या बायकांना सांभाळायला.
मी एकटा त्यांच्या मागोमाग. चार इंचांचा फायदा होतो, हे खोटं नाही. पुढच्या गाडीतलं सगळं स्वच्छ दिसतं. केरव्याच्या अलीकडे आईने डब्यातली करंजी काढली, मोडली आणि गाडी चालवणाऱ्या परीक्षितला भरवली.
मला कधी भरवली नव्हती.