झेपचे हात

प्रिय छोट्या,

चित्रं मिळाली. आधी तू चित्रं काढायची, बोलण्याचे फुगे रिकामे सोडायचे आणि मग मी त्यात शब्द भरायचे, ही आपली उलटी रीत संपादकबाईंना अजून पटलेली नाही. जगात सगळे आधी गोष्ट लिहितात म्हणे. मी त्यांना सांगते, आमच्या घरात धाकट्याचाच हट्ट चालतो.

या वेळी मात्र पाकीट उघडलं आणि ते शेवटचं पान समोर आलं. गच्चीच्या कठड्याला एक माणूस लटकलाय आणि आपल्या चित्रकथेची नायिका झेप, पडणाऱ्या कुणालाही झेलणारी झेप, हाताची घडी घालून नुसती बघतेय. शेवटच्या चौकटीत कठडा रिकामा. माणूस मी लगेच ओळखला. कोर्टात तो आपल्या पुढच्याच बाकावर होता. आपल्या ठकीला उडवून न थांबता निघून गेलेला, आणि जामिनावर सुटून पुन्हा गाडी चालवणारा. हुबेहूब काढलायस रे, मानेवरच्या तिळासकट.

तुला आठवतं, ठकी तुझ्या टेबलाखाली पसरून पानं वाचायची? सगळे दुष्ट लोक आमच्या गणिताच्या सरांसारखे का दिसतात, असं विचारायची आणि तू निमूटपणे नाक बारीक करायचास. एकदा गोष्ट काही केल्या संपेना, म्हणून मी वैतागून म्हटलं, पडू दे त्या चोराला गच्चीवरून, सुटलो आपण. तेव्हा ती टेबलाखालूनच म्हणाली होती, "आत्या, आधी झेलायचं, मग भांडायचं." तेव्हापासून झेप तशीच वागत आली. पोरं अजून पत्रं पाठवून वाद घालतात, अमक्याला कशाला वाचवलं म्हणून.

मला त्या माणसाची दयामाया काही नाही. खरं सांगते, ती रिकामी चौकट बघून मला बरं वाटलं. परत परत बघितली. मग झेपकडे लक्ष गेलं आणि रडू आवरेना. तिचा चेहरा तू पहिल्यापासून ठकीवरून काढतोस. म्हणजे घडी घालून उभी आहे ती आपली ठकी. राग तुझा आहे, माझाही आहे. तिच्या अंगावर तो नको घालूस.

ठकीची आई सांगत होती, तू दार उघडत नाहीस, फोन तर उचलतच नाहीस. म्हणून हे पत्र. सोबत ते पान परत पाठवतेय. फुग्यात मी ठकीचंच वाक्य लिहिलंय. चित्राशी ते जुळत नाही, ते मलाही दिसतंय. पुस्तक थांबवायला सांगितलंय, कितीही दिवस लागू देत. फक्त तिच्या हातांची घडी सोडव, छोट्या. शब्द मी लिहिले, पण हात मला काढता येत नाहीत.

वाट बघणारी तुझीच,
ताई