सतरा नंबरवरचं नाव

३ मार्च
रॅमची, म्हणजे संगणकाच्या स्मृतीची, पट्टी खाचेत बसेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबली तेव्हा टक् झालं आणि एक अंगठा कापला. मागून इथल्या जुन्या हौ ताई म्हणाल्या, आता तू इथली झालीस, बोटं कापून घेतल्याशिवाय कुणी शिकत नाही.

जुंगहे भागातली ही प्रयोगशाळा मला आवडली. चाळीस मदरबोर्ड, टेबलांवर उघडेच. पट्ट्या बसवायच्या, वेग नेमून दिलेल्यापेक्षा वाढवायचा आणि दिवसेंदिवस चालवत ठेवायचं. यंत्र पट्टीत काहीतरी लिहितं आणि परत वाचतं. लिहिलं तेच आलं तर बोर्डाशी जोडी जमली, पट्टीचं नाव चालणाऱ्यांच्या यादीत.

साडेबाराला बाबांचा फोन, जियायीच्या वृद्धाश्रमातून. रोजचाच प्रश्न.
"तुझ्या आईचं नाव काय गं?"
"बी-युन."
"हां, बी-युन. तू आहेस म्हणून बरं."
मला भावंड नाही, आई गेलेली. त्यांची बायको आणि माझी आई, दोघी आता माझ्याच डोक्यात राहतात.

४ मार्च
यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून, आमच्याकडच्या रिवाजानं, प्रत्येक बोर्डापाशी नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट असतं. त्यावर सांभाळणाऱ्याचं नाव पेननं लिहायचं, मुदत संपायच्या आत पाकीट बदलायचं. माझ्या जुन्या ऑफिसात हे चुकलं की बोलणी बसत. इथे सतरा नंबरच्या बोर्डापाशी पाकिटाची मुदत नोव्हेंबरातच संपलेली. नाव: यान. हौ ताई रजेवर होत्या. मी नवं आणलं, पूर्ण नाव लिहिलं, को यी-वेन, आणि हात जोडले.

दहा मिनिटांत अडकणारा सतरा दिवसभर चालला. त्सेंग साहेब खूश. म्हणाले, आता तेरा तारखेच्या सकाळी आठपर्यंत बंद करायचा नाही.

६ मार्च
हौ ताईंनी पाकीट पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला. म्हणाल्या, ते जुनं पाकीट मुद्दामच ठेवलं होतं. नवं ठेवायचं तर नाव कुणाचं लिहायचं? मी यानबद्दल विचारलं. घरी आहे, म्हणाल्या. धडधाकट. जेवतो, झोपतो. मुलीला रोज सकाळी विचारतो, तू कुणाची?
मी हसले. त्या हसल्या नाहीत.

८ मार्च
लॉकरचा आकडा आठवेना. आमच्या जुन्या गल्लीचं नावही.

९ मार्च
बाबांना आईचं नाव या वहीत बघून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दिसायची कशी? मी तोंड उघडलं. डोक्यात काही नव्हतं. चेहऱ्याच्या जागी –
पाकीट काढून टाकलं. सतरा तसाच चालू.

१० मार्च
सतराच्या पडद्यावर एक चूक. लिहिली होती नुसती शून्यं. परत आलं: उजव्या कानामागे तीळ.
बाबांना वाचून दाखवलं.
"हो गं. तिथेच होता."
मला तो तीळ आठवत नाही.

११ मार्च
आणखी ओळी. एकदा दिसतात, मग त्यांच्यावर शून्य.
हौ ताई म्हणाल्या, वीज गेली की पट्टीतलं सगळं जातं, हे तुला मी सांगायला नको. नको. पहिल्याच वर्षी शिकवतात.
सतरा चालू ठेवायला साहेबांकडे आणखी आठवडा मागितला. त्यांनी कारण विचारलं. मी अजून चाचणी हवी म्हणाले; ते म्हणाले, तेरालाच बंद.

१२ मार्च
जेवले नाही. पडद्यावरचं उतरवून घेते आहे.
आल्याचा वास, बोटांना.
रागावली की भांडी घासायची.
शिट्टी वाजवता यायची, पण लोकांसमोर नाही –
वहीत येतात ते नुसते शब्द. ती तिथे आहे, पट्टीत. वीज आहे तोवर. उद्या आठला –
पडद्यावर आता माझंही येतंय. माझी शाळा. माझा वाढदिवस. कुणीतरी छत्री धरून उभं आहे, मला हाक मारतं आहे आणि

१३ मार्च
मी, हौ, लिहिते आहे. वही टेबलावर उघडी होती.
आठला साहेबांनी सतराची वीज बंद केली. यंत्राच्या नोंदीत एकही चूक नव्हती. पट्टीचं नाव यादीत घातलं.
साडेबाराला को यी-वेनचा फोन वाजला. ती नुसती बघत राहिली. मी उचलला, वहीचं पहिलं पान काढलं आणि तिच्या बाबांना सांगितलं, बी-युन.
फोन ठेवल्यावर को मला म्हणाली, कोण ही?