राजाचा मुकुट, राणीचं हेल्मेट

बाबा,

परवा एका माणसाला मी तोंडावर सांगितलं, की त्याच्या आजोबांचं म्हणून जपलेलं हेल्मेट नाटकाच्या कपडेपटातलं आहे. बिचारा खट्टू झाला, पण मी तरी काय करणार? अस्सल हेल्मेट आतून कॉर्कचं असतं, त्याचं निव्वळ पुठ्ठ्याचं होतं. जुनी ब्रिटिश पोलिसी हेल्मेटं ओळखावीत ती मीच, असं इथे आयर्लंडमधले हौशी लोक मानतात, आणि खरं सांगायचं तर बरोबरच मानतात. आठवडाभर नास गावच्या हॉस्पिटलात भूल देऊन लोकांना झोपवते आणि रविवारी जुन्या बाजारात हेल्मेटं उलटी करून आत डोकावते. ब्रिटिश पोलिसाचं कौतुक इथल्यांनाही नाही नि आपल्यालाही नाही, त्यामुळे शेजारीण मला अर्धवट समजते.

हे खूळ तुम्हीच लावलंत. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही कोर्टाच्या कामाला मुंबईला जाऊन नुकतेच नागपूरला परतला आहात, अंगावर खाकी तशीच, आणि कपाटातून ते काळं उंच हेल्मेट काढून माझ्या हातात देता. पुढे चकचकीत बिल्ला, त्यावर मुकुट. "साहेबाच्या सामानाच्या लिलावातलं आहे. बिल्ल्यासकट, जसंच्या तसं." आई म्हणते, "अहो, पोरीला बाहुली आणायची सोडून हे काय?" तुम्ही पडलात फौजदार. खोटं बोलणारा तुमच्यापुढे टिकत नसे. मी पोटदुखीचं निमित्त करून शाळा बुडवली तेव्हा म्हणाला होतात, "खोटं बोललेलं मी घरात चालवून घेणार नाही, मग ते कुणीही बोलो." म्हणून तुमचा शब्द मी कधी तपासला नाही, तुम्ही गेल्यावरही नाही.

शंका मात्र होती. इंग्लंडच्या गादीवर राजानंतर राणी आली, तेव्हा बिल्ल्यांवरच्या मुकुटाचा आकार बदलला. बिल्ल्यावरचा मुकुट राजाच्या काळातला, आतलं अस्तर नि चामड्याची पट्टी राणीच्या काळातली. दुसऱ्या कुणाचं असतं तर 'दोहोंचं एक केलेलं' म्हणून मी केव्हाच बाजूला सारलं असतं. तुमची मात्र वकिली करत राहिले: जुने बिल्ले पोलीस वर्षानुवर्षं वापरत, चालायचंच. यंदा गावच्या लायब्ररीत माझी हेल्मेटं मांडायची ठरली आणि प्रत्येकापुढे पाटी लिहायची वेळ आली. मांडणीला मदत करणारा निवृत्त गार्डा, म्हणजे इथला पोलीसच, आमच्याकडे चहाला आला होता. तुमचं हेल्मेट हातात फिरवून त्याने विचारलं, "बॅज कधी काढून पाहिलास?" तो गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, राहू दे ना, ग्रँड दिसतंय. कोण एवढं बघणारे?" मी बघणार होते. पाटीवर तुमचं नाव नसलं, तरी तुमचा शब्द असणार होता.

मागच्या पिना सरळ केल्या, बिल्ला निघाला. खाली काळ्या कापडावर हळदीचं बोट होतं, त्यावर कुंकू. दसऱ्याला तुम्ही पट्टा, काठी, टोपी पाटावर मांडून पूजा करायचात. पोलिसाची वस्तू म्हटली की तिला हळदकुंकू लागलंच पाहिजे. म्हणजे हे हेल्मेट आधीच्या दसऱ्याला आपल्या घरात होतं आणि तेव्हा त्याला बिल्ला नव्हता. बोडकं हेल्मेट लेकीला कसं द्यायचं म्हणून तुम्ही ते कपाटात दडवलंत, मुंबईत बिल्ला हुडकलात, तो स्वतः बसवलात आणि मला बेधडक थाप मारलीत.

पाटीवर मी लिहिलं: हेल्मेट राणीच्या काळातलं, बिल्ला राजाच्या, जोडणी नागपूरची. गार्डा वाचून म्हणाला, "नागपूर? हे कशावरून?" मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेव." हळदीचं त्याला सांगितलं नाही. ती पुसलीही नाही, तिच्यावरच बिल्ला पुन्हा बसवला. हे पत्र हेल्मेटात ठेवणार होते, पण कागदाने जुनं चामडं बिघडतं हे मीच सगळ्यांना बजावत असते, तेव्हा ते माझ्या खणात राहील. तुम्ही कुणासाठीही खोटं बोलणार नाही, असं मी आजवर धरून चालले होते. माझ्यासाठी बोललात. तुमच्यावर चिडायचं ठरवून दोन दिवस वाट पाहिली, बाबा, पण राग काही येत नाही.