घरकुलवाली बाई

४ नोव्हें., मंगळ.
संस्थेच्या कामानं जेलमधी गेली होती. जिवती गावच्या कैद्याशी बोलणं झालं. (नाव नाई लिहीत, वही कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाई.) पाच महिने झाले, आत दोन्ही औषधं नीट चालू हायेत. एचआयव्हीची गोळी, आणि गर्द सोडवायची जिभेखालची. ती रोज, नर्ससमोरच. वजन वाढलं गड्याचं, हसते पण. शुक्रवारी जामीन होईल म्हणते वकील.
म्हणला, "ताई, गेटवर तुमीच राह्यजा. एकटा निघालो तं मी गोळी घ्याले सेंटरवर नाई जात. कुठी जातो ते मले माहीत हाये."
म्हटलं, राहीन.

७ नोव्हें., शुक्र.
११ पासून गेटसमोर. तीन चहा. ऑर्डर आली नाई, आता सोमवारीच, असं गेटवरचा शिपाई सांगे. सहाले निघाली. पाय दुखतात.

८ नोव्हें., शनि.
सुटला. कालच, साडेसातले. मी गेल्यावर ऑर्डर आली, सोडून दिलं, कोणी फोन केला नाई. शिपाई म्हणते, "मॅडम, तुमी येईपर्यंत काय त्याले बांधून ठेवावं?" डोकं असं फिरलं. त्याचं कार्ड अन् एचआयव्हीच्या महिन्याच्या गोळ्यांची बाटली आतच, कपाटात. चावीवाले साहेब सुटीवर. माणसाले जामीन झाला, औषधाले नाई झाला.
त्यानं दिलेला नंबर बहिणीचा. तिले आजाराचं काही माहीत नाई, अन् मले सांगायचा हक्क नाई. "कोन बोलते?" तोंडातून निघालं, घरकुलाच्या ऑफिसातून. काऊन बोलली मी असं? दुसरं काही सुचलंच नाई.
"आमचं नाव लागलं का बाई?" आवाज असा खुलला तिचा. म्हटलं, भावाची सही पाहिजे, चंद्रपूरले पाठवा. तो घरीच हाये म्हणे, जांभया देऊन राह्यला, अंग दुखते म्हणते. म्हणजे जिभेखालची गोळी तुटल्याचा त्रास सुरू झाला. उद्याच पाठवा म्हणायचं होतं, पण रविवारी कोणतं घरकुलाचं ऑफिस उघडं राह्यते? सोमवार सांगितला. माझ्याच खोट्यापायी एक दिवस गेला.

१० नोव्हें., सोम.
स्टँडवर जिवतीची पहिली बस. उतरली ती बहीणच, एकटी. पिशवीत आधार, रेशनकार्ड, पडक्या भिंतीचे फोटो. कापूस वेचायचा सोडून आली. भाऊ सोबत निघाला होता, मधातच एका स्टॉपवर उतरला, "तू हो पुढं" म्हणून.
बाकावर बसून एकेक कागद दाखवे मले. निभवता आलं नाई. म्हटलं, घरकुल नाई बाई, त्याच्या तब्येतीचं काम हाये. कोणती तब्येत? ते तोच सांगेल.
कागद परत पिशवीत भरले तिनं. "मंग मले काऊन फसवलं? साऱ्या गावाले सांगून आली ना मी."
लाज वाटली. अजून वाटते.

१२ नोव्हें., बुध.
बाटली मिळाली एकदाची. माझ्या बॅगेत हाये. बहिणीचा फोन बंद. आमचे सर म्हणतात, फोन झाला होता ना, मग रिपोर्टमधी 'सेंटरशी जोडला' लिही. नाई लिहिलं. कोणाशी जोडला? बॅगेतल्या बाटलीशी? सर रागावले. रागावू दे.

१४ नोव्हें., शुक्र.
दुपारी बहिणीचा फोन. "घरकुलवाल्या बाई ना?" भाऊ काल आला म्हणे, पडून हाये, तुमालेच बोलावून राह्यला. "त्याले काय हाये ते मले सांगू नका. तो सांगन तवा सांगन. पण गावात घरकुलाच्याच बाई होऊन या. मोजायचा टेप आना."

१५ नोव्हें., शनि.
गेली. जीप फाट्यावरच ठेवली, तिच्यावर संस्थेचं नाव केवढं मोठं. टेपचं एक टोक बहिणीनं धरलं, एक मी. आम्ही भिंती मोजून राह्यलो, शेजारपाजार पाहून राह्यला, अन् आत खाटेवर त्यानं बाटली उघडून गोळी घेतली. डॉक्टरांना विचारूनच नेली होती. डोळे खोल गेले त्याचे.
"गेटवर नव्हत्या ना तुमी."
म्हटलं, नव्हती.
जिभेखालची मले आणता येत नाई, ती सेंटरवरच भेटते. जिवतीवरून रोज कसा येणार, ते त्यानं विचारलं नाई, मीबी काढलं नाई. उद्या पहिल्या बसनं येतो म्हणला.
निघताना शेजारची म्हातारी आडवी आली. "माह्यंबी मोजा ना, बाई." बहीण माझ्याकडे पाहे. मोजलं. लांबी चौदा फूट, रुंदी नऊ. तिच्यासमोर वहीत लिहून घेतलं, नाव विचारून. मागच्या पानावर हाये. काय करू त्याचं?

१६ नोव्हें., रवि.
स्टँडवर. सेंटर आजही उघडं हाये, नर्सले सांगून ठेवलं. पहिली बस आली. तो नाई उतरला. कंडक्टरले विचारलं, त्याले काय माहीत. दुसरी साडेअकराची. मग दोनची.
आज मी सहाले निघत नाई.