नाळेवरचा नारळ

४ ऑक्टोबर, माझगाव
कमल, लिही. आजपासून मी शिडाच्या जहाजाची तांडेल. मालवणात बापाचं गलबत हाकलं, मग लालबागला पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या, आणि सत्तरीत पुन्हा सुकाणू हाती आलं. मालक गिरगावचे मनमोहनराव. हौशी माणूस. पर्यटकांना फिरवायला जुनं जहाज दुरुस्त करून घेतलंय. परवाना कागदोपत्री कप्तान शंतनुच्या नावावर, पण त्याला शीड आणि पलंगपोस यातला फरक कळत नाही. नांगर खलाशी निलेशकडे. माझी सून कमल रांधते आणि ही रोजनिशी लिहिते. अक्षर सुरेख आहे म्हणते. म्हणू दे, मला कुठं वाचता येतंय!

५ ऑक्टोबर
नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, लाल फडक्यात नारळ बांधलेला होता. जुन्या तांडेलाचा. आमच्यात तांडेल बदलला की जुना नारळ समुद्राला द्यायचा, फोडायचा नाही. मग आपला बांधायचा. ठाऊक होतं मला. पण एवढा जड नारळ पाण्यात टाकायला जीव होईना. फोडला. पाणी लालसर निघालं. कोयत्याचा गंज असेल, म्हटलं. बांगड्याच्या कढीत घातला. शंतनुनं तीनदा मागून घेतली, निलेशनं आणि मीही ओरपली. कमल भ्यायली, जेवली नाही. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या कढीला आज पहिल्यांदा रंग आलाय.

६ ऑक्टोबर
मुरूडच्या वाटेवर. पर्यटक अजून नाहीत, चाचणीची फेरी. सकाळी वारा साफ पडला होता. तरी शिडाचा आडवा वासा गरकन फिरला आणि शंतनुच्या कपाळात बसला. डोकं मधोमध फुटलं. दोन वाट्या. माणसाचं असं फुटत नाही.
सुकाणू मुंबईकडे वळवलं. जहाज वळलं नाही.
दुपारी नाळेवर लाल फडकं. आम्ही कुणी बांधलं नव्हतं. निलेशनं गाठ सोडली आणि भडाभडा ओकला. आत शंतनुचं अर्धं डोकं होतं.

७ ऑक्टोबर
निलेश गेला. नांगर टाकताना साखळीनं पाय धरले, लोखंडी खुंटावर डोकं आपटलं. एकदा नाही. साखळी मागं यायची, पुन्हा ओढायची. तिसऱ्यांदा किंकाळी थांबली. नाळेवर आता दोन गाठोडी.
फोन मुके. खांदेरी बेट समोर दिसतं, जवळ येत नाही.
कढी खाल्ली त्यांनाच नेतंय. आता मी. कमलला म्हटलं, तू सुटलीस, तू जेवलीच नव्हतीस. ती म्हणाली, आई, मीठ बघितलं होतं. बोटभर.

८ ऑक्टोबर
फोडला मी. डोकं माझंच द्यायचं. पोरीचं नाही.
तिला फळी दिली, उडी मार म्हटलं. ती म्हणते, तुम्हाला टाकून नाही जात. चाळीत कधी ऐकलंस माझं, ते आज ऐकशील! बरं, लिही. रडू नकोस, कागद भिजतोय.
मी नाळेवर बसलेय — मान खाली —
वासा हलतोय. वारा नाही —
इकडे! अरे, तांडेल मी! इकडे ये — माझं — तिच्याकडे नाही —
कमल, वही टाक, खाली वाक, कम