चित्र क्रमांक चाळीस

३ फेब्रुवारी, सकाळी ९
पत्नीला पक्षाघाताचा झटका येऊन आज सहा आठवडे झाले. समजते सगळे, शब्द मात्र सापडत नाहीत. पहिले काही महिने मोलाचे, असे डॉक्टर म्हणतात. तेहतीस वर्षे भाषाशास्त्र शिकवलेला माणूस घरात असताना उपचार परक्याकडे सोपवणे म्हणजे सुताराने खुर्ची विकत आणणे. संकल्प: रोज दोन सत्रे, चाळीस चित्रे, प्रत्येक उत्तर ध्वनिमुद्रित. एप्रिलअखेर पूर्ण वाक्ये. मेमध्ये परिषदेत निबंध.

५ फेब्रुवारी
चाळीसपैकी दीड. 'दार' बरोबर. चमच्याला 'चच्चा' म्हणाली, तरी अर्धा गुण दिला. एवढे औदार्य पुन्हा नाही. चित्र क्रमांक चाळीस म्हणजे माझा फोटो. अपेक्षित उत्तर: माझे नाव. मिळालेले उत्तर: 'अहो'. स्वच्छ, तत्काळ आणि हसून. शून्य. 'अहो' हे नाम नव्हे.

९ फेब्रुवारी
मुलीच्या हट्टापायी स्पीच थेरपिस्ट आली. वय माझ्या चपलांएवढे. गुणतक्ता पाहून म्हणाली, सर, यांनी तुमचं नाव कधी घेतलंय का हो? मी म्हटले, एकदा, लग्नात, लोकांच्या आग्रहाखातर. मग 'अहो' हेच तुमचं नाव की, म्हणाली. तो शब्द धडधाकट आलाय, त्यालाच धरून पुढे जाऊ या. भावनाप्रधान मुलगी. तिचे येणे बंद केले.

१८ फेब्रुवारी
नवा नियम: 'अहो'ला ओ द्यायची नाही. चुकीला प्रतिसाद मिळाला की चूक पक्की होते. दुपारी आतून सहा वेळा 'अहो'. पुस्तक घेऊन बसलो. पान एकही उलटले नाही, पण नियम पाळला. पाण्याचा ग्लास सांडला होता, असे नंतर कळले. मुलीने अंथरूण बदलले. म्हणाली, बाबा, आईला शिकवताय की छळताय? मुलीला संशोधनातले कधीच कळले नाही.

१ मार्च
चाळीसपैकी एक. कारणे नोंदवली: उजेड, उशी, शेजारच्यांचा रेडिओ. चाचणी निर्दोष आहे. आजपासून सत्रे चार, चित्र एकच: चाळीस. बाकीची एकोणचाळीस सवडीने.

२० मार्च, सकाळी १०.४०
यश! हिने माझे नाव घेतले. जोडाक्षरासकट. एक गुण, लाल शाईने. डोळ्यांना पाणी आले (खिडकीतली धूळ). परिषदेला सारांश पाठवला. मुलीला फोन केला. तिने विचारले, आईनं तुम्हाला हाक मारली, की फोटोला? खोडसाळ प्रश्न.

२३ मार्च
चमचा दाखवला: माझे नाव. दार: माझे नाव. सामान्यीकरणाचा टप्पा. अपेक्षितच.

२ एप्रिल
लेकीला पाहूनही माझेच नाव. लेक न्हाणीघरात नळ सोडून रडली. नळाने काही लपत नाही. तहान, दुखणे, पांघरूण, सगळ्याला तेच. शेवटी मीच 'अहो' म्हणून दाखवले. तीनदा. ही माझ्या ओठांकडे एकाग्रतेने पाहत राहिली आणि माझे नाव म्हणाली. उच्चार निर्दोष.

६ एप्रिल
थेरपिस्टला फोन केला. काय म्हणायचे ते आधी कागदावर लिहून ठेवले होते, तरी अडखळलो. येते, म्हणाली, पण सर, सत्राच्या वेळी तुम्ही बाहेर बसायचं. तात्पुरती व्यवस्था म्हणून मान्य केले.

११ एप्रिल, सकाळी ११
बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आतून माझे नाव ऐकू आले. पुन्हा एकदा, मोठ्याने. उठलो, शर्टाची कॉलर नीट केली, दार उघडले. थेरपिस्टने मान हलवली. म्हणाली, तुम्ही नाही सर, त्यांना बेडपॅन हवंय.
आणून दिले.